अति आणि वास्तव यांच्यामधली जागा

दिगंबर गेल्याची बातमी मोबाइलवर आली आणि ती वाचताना मला आधी चूक दिसली. त्याच्या मुलानं सगळ्या ओळखीच्यांना एकदमच निरोप धाडला होता, ‘आमचे वडील दिगंबरराव यांचे आज पहाटे दुखःद निधन झाले.’ विसर्ग चुकीच्या अक्षरापुढं पडला होता, तो ‘दु’पुढं पाहिजे. उभी नोकरी वर्तमानपत्राच्या कचेरीत मुद्रितं तपासण्यात गेली, त्यामुळं माझा अंगठा आपोआप त्या शब्दापाशी जाऊन थांबला, आणि मग कुठं त्याच्या आधीचं नाव डोक्यात शिरलं... स्वतःची लाज वाटली. घरात कुणाला हे सांगितलं नाही. सांगण्यासारखा एकच माणूस होता, आणि तो पोट धरून हसला असता. ‘वसंता, माझ्या मरणातबी शुद्धलेखन बघितलंस का रे,’ असं म्हणाला असता. आता सहा आठवडे होत आले. पुरवणीसाठी काहीतरी लिहून द्या असा निरोप आला, म्हणून बसलो आहे.

आमची ओळख कचेरीच्या व्हरांड्यात झाली. माझं टेबल आत जागा नाही म्हणून व्हरांड्यात टाकलेलं होतं आणि पाण्याचा माठ माझ्याच उशाशी, त्यामुळं आत अपमान झालेला प्रत्येक माणूस बाहेर पडताना माझ्यापाशी थांबायचा. दिगंबर तसाच आला. हातात गुंडाळी, अंगात कारखान्याचा निळा सदरा. रविवारच्या अंकात चित्र छापाल का म्हणून विचारायला आला होता आणि आतून त्याला ‘हे काय आहे’ एवढंच ऐकायला मिळालं होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं न विचारताच ती गुंडाळी माझ्यासमोर उलगडली. आभाळात एक विहीर होती. चिरेबंदी, काठावर रहाट, आणि दोर खाली जमिनीकडं सोडलेला. खाली एक बाई घागर घेऊन वर बघत उभी. मी म्हटलं, ‘हे उलटं झालंय.’ तो म्हणाला, ‘व्हय, मुद्दाम केलंय. आमच्याकडं दोन वर्षं झाली पाऊस नाय. पाणी कुठं गेलंय ते दाखवलं.’ मला ते फार पटलं असं नाही. पण रहाटाचा एकूण एक खिळा त्यानं इतका नेटका काढला होता, की चूक काढायला जागा मिळेना, आणि चूक काढता येत नाही अशा माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर वाटत आला आहे.

तो मूळचा खुलताबादकडचा. घरी शेती, ती थोरला भाऊ बघायचा. हा आयटीआय करून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन लागला. यंत्राच्या सुट्या भागांची मापं घेऊन आराखडे काढायचे, त्यात केसाएवढा फरक चालत नाही. सोमवार ते शनिवार ते काम, आणि रविवारी घरातल्या जमिनीवर कागद पसरून आभाळातल्या विहिरी. कुसुमवहिनी, म्हणजे त्याची बायको, चहा देताना मला म्हणायच्या, ‘आठवडाभर सरळ रेघा ओढाव्या लागतात ना भावजी, म्हणून रविवारी यांच्या अंगात येतं.’ दोन खोल्यांचं घर. चित्रं पलंगाखाली. पाहुणे आले की पलंगावरची चादर खालपर्यंत ओढली जायची, म्हणजे कुणाला दिसायला नको.

प्रदर्शनाची कल्पना माझी. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आम्ही पाच जण जमलो. दिगंबर, एका शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, दुकानांच्या पाट्या रंगवणारे दोघे भाऊ, आणि पाचवा मी. मला चित्रं येत नव्हती. मी रद्दीतल्या मुद्रितांचे कपटे चिकटवून माणसं करायचो आणि त्याला कोलाज म्हणायचो. बाईंच्या चित्रांत तवा, कढई, पोळपाट यांना पाय फुटलेले असत आणि ते सगळे रांगेनं घराबाहेर चाललेले असत. भावांच्या चित्रांत अक्षरांना फांद्या आणि पानं. दिगंबरनं मकबऱ्याचा घुमट उलटा करून त्यात पाणी भरलं होतं आणि म्हशी डुंबायला सोडल्या होत्या. एका वाचनालयानं आपला हॉल तीन दिवस दिला. निमंत्रणपत्रिका अर्थातच माझ्याकडं आली. या सगळ्याला काय म्हणायचं हे मी कोशात बघून ठरवलं होतं आणि त्या शब्दाचा मला फार अभिमान होता. ‘अतिवास्तव व कल्पनाशील चित्रांचे समूह प्रदर्शन.’ छापखान्यातल्या जुळाऱ्यानं अक्षरांचे खिळे जुळवले, कच्चं मुद्रित माझ्याच टेबलावर आलं, मीच तपासलं, मीच खाली सही केली. पत्रिका छापून, वाटून, चहाच्या टपऱ्यांवर चिकटवून झाल्यावर दिगंबरनं एक पत्रिका माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. ‘अति’ एकीकडं आणि ‘वास्तव’ दुसरीकडं. मधे ऐसपैस जागा. ‘अति वास्तव व कल्पनाशील चित्रांचे समूह प्रदर्शन.’ तो म्हणाला, ‘दुसऱ्याच्या चुका शोधतोस आणि स्वतःच्या छापतोस, नाय का?’ हे वाक्य त्यानं पुढं पस्तीस-चाळीस वर्षं मला ऐकवलं. लग्नात, बारशात, दवाखान्यातसुद्धा.

लोकांनी पत्रिका वाचून सरळ अर्थ घेतला. अति वास्तव म्हणजे अगदी खरीखुरी, हुबेहूब. पहिल्या दिवशी एक कुटुंब आजोबांचा विटलेला फोटो घेऊन आलं, याचं मोठं चित्र करून पाहिजे म्हणून. एकानं आपल्या बैलजोडीबद्दल विचारलं. एक निवृत्त हेडमास्तर उलट्या घुमटापुढं हात मागं बांधून बराच वेळ उभे राहिले आणि जाताना म्हणाले, ‘यात अति दिसतंय, वास्तव कुठंय?’ पाट्या रंगवणारे भाऊ हसत होते, बाई चिडल्या होत्या, आणि मी दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला ‘तो एकच शब्द आहे हो, वास्तवापलीकडचं असा त्याचा अर्थ’ असं समजावत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडिबा आला. साठीच्या पुढचा, डोक्याला लाल फेटा, खांद्यावर घोंगडी. देवळात जावं तसं त्यानं पायताण बाहेर काढलं आणि एकेका चित्रासमोर थांबत, अगदी मनापासून बघत सबंध हॉल फिरला. त्यानं नंतर सांगितलं, तो सोयगावकडचा मेंढपाळ. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघायचं, वाटेतल्या शेतांत मुक्काम करायचा, शेताला खत मिळतं म्हणून शेतकरीच बोलावतात, आणि मृगाच्या आत घरी परतायचं. त्या दिवसांत त्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, चिकलठाण्यामागच्या शेतांत पडलेला होता. टपरीवाल्यानं त्याला पत्रिका वाचून दाखवली होती. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, ‘लई खरी चित्रं काढनारा सायब कोन हाय?’ मी माझं नेहमीचं सुरू केलं, बाबा, तो शब्द चुकून छापलाय, इथं तसली चित्रं नाहीत... तेवढ्यात मागून दिगंबर आला.

‘मीच. बसा बाबा. कुणाचं काढायचं?’

‘बायकूचं.’

‘फोटो आणलाय?’

‘फोटू नाय. म्हून तर आलो.’

मग त्यानं जे सांगितलं ते मी कधी विसरलो नाही. त्याची बायको भागाबाई मागच्या सालच्या मुक्कामात तापानं गेली होती. फोटो कधी काढलाच नव्हता. ‘सुरवातीला डोळं मिटलं की हुबी ऱ्हायची. आता तोंड इसराया लागलंय, सायब. आवाज हाय, चाल हाय. तोंड जातंय. समदं जायच्या आत काढून द्या.’ मला वाटलं, आता दिगंबर त्याला हात जोडेल. तो म्हणाला, ‘येत्या रविवारी घरी या.’ कोंडिबा गेल्यावर मी दिगंबरवर उखडलो. म्हटलं, तुला कुणाचं तोंड काढता येत नाही, तू यंत्राची नटं काढतोस आणि उडत्या विहिरी काढतोस, त्या म्हाताऱ्याला कशाला आशा लावतोस? तो शांतपणे म्हणाला, ‘चूक तुझी हाय. तवा रविवारी तूबी यायचं. तो सांगंल ते लिहून घ्यायचं.’ मला तेव्हा वाटलं, याला चार लोकांत मोठेपणा पाहिजे. आज हे लिहिताना वाईट वाटतं, पण वाटलं होतं हे खरं.

रविवार सुरू झाले. कोंडिबा सकाळी लवकर यायचा, भिंतीला टेकून जमिनीवर बसायचा. वहिनींनी दिलेला चहा बशीत ओतून प्यायचा. दिगंबरनं काम कारखान्यातल्यासारखंच चालू केलं, मापं घेऊन. उंची किती, दाराच्या चौकटीला डोकं कुठं लागायचं? कोंडिबा म्हणाला, ‘दार कुठलं सायब? आमचं बिऱ्हाड घोड्यावर.’ नाक कसं होतं? ‘नाकावानी नाक.’ कपाळ? ‘त्याच्यावर गोंदान होतं.’ कसलं? कोंडिबानं बोटानं हवेत काहीतरी काढलं आणि मधेच थांबला, ते पूर्ण आठवेना. एकदा तर दिगंबरनं वहिनींनाच समोर बसवलं, डोक्यावरून पदर घ्यायला लावला, आणि यांच्यापेक्षा काय वेगळं ते सांगा म्हणाला. कोंडिबानं मान खाली घातली ती वर काढेना. परक्या बाईकडं निरखून बघायचं कसं? वहिनी उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, ‘तुम्हाला काही कळतं का हो?’ आम्ही सगळेच हसलो, कोंडिबाही हसला. पण कागदावर काहीतरी उमटत होतं. दर वेळी नवं तोंड, आधीच्यापेक्षा थोडं बरं. कोंडिबा प्रत्येक कागद दोन्ही हातांत धरून बघायचा. ‘ही दुसरीच बाई हाय,’ म्हणायचा. पुढच्या खेपेला, ‘हिचं कपाळ थोडं तिच्यावानी हाय.’ दिगंबर पेटला होता. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तो त्याच बाईचे डोळे गिरवत बसायचा. मलाही वाटायला लागलं, हा काढणार.

चौथ्या रविवारी त्यानं जे चित्र दाखवलं ते खरोखर चांगलं होतं. एक सावळी, हडकुळी, थोडी रागीट बाई आमच्याकडं बघत होती. कोंडिबानं कागद हातात घेतला आणि खाली ठेवला. मग म्हणाला, ‘सायब, आता थांबा.’

‘का बाबा? जमत आलंय की.’

‘आता डोळं मिटलं की हीच दिसतीया. तुमची बाई. माझी जी थोडी व्हती ती बी हिच्यामागं गेली.’ त्याचा आवाज चढला नाही. तक्रारसुद्धा नव्हती. ‘तुमी लई कष्ट घेतलं. पर आता नगं.’ तो उठला, वहिनींना हात जोडले आणि निघून गेला. दिगंबरनं सगळ्या रविवारचे सगळे कागद गोळा केले आणि मोरीत जाऊन पाणी तापवायच्या बंबात एकेक करून घातले. मी अडवायला गेलो, शेवटचं तरी राहू दे म्हटलं. तो म्हणाला, ‘मी त्याच्या बायकोला दुसऱ्यांदा मारली रे वसंता.’ मी त्याला इतक्या वर्षांत पुष्कळदा दुःखी बघितलं, त्याची आई गेली तेव्हा बघितलं, पण तसा चेहरा परत नाही बघितला. आणि मला आतून टोचत होतं की या सगळ्याच्या मुळाशी माझी एक सही आहे.

आठवडाभर तो माझ्याकडं फिरकला नाही. मग एक दिवस कचेरीत आला, माठातलं पाणी प्याला आणि म्हणाला, ‘आपण प्रश्नच चुकीचा विचारत होतो. कशी दिसायची, कशी दिसायची. चल.’ दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं चिकलठाण्यामागच्या शेतांत गेलो. गहू निघालेला, नुसती खुंटं उभी. जाळीच्या कुंपणात मेंढरं बसलेली आणि कोंडिबा एका कोकराच्या पायातला काटा काढत होता. आम्हाला बघून तो थोडा दबकला. दिगंबर त्याच्यापुढं उकिडवा बसला. म्हणाला, ‘बाबा, चित्र काढाया नाय आलो. एकच सांगा. चालताना ती असायची कुठं?’

कोंडिबानं लगेच उत्तर दिलं. इतक्या रविवारांत पहिल्यांदा त्याला आठवावं लागलं नाही. ‘मागं. मी म्होरं, मेंढरं मदी, ती मागं. लंगडी, लेकुरवाळी जी मागं ऱ्हात्यात ती हाकत यायची. उभा जल्म तसंच.’

‘मग तुम्ही मागं वळून बघायचा नाय?’

‘वळता येत नाय ना. म्होरक्या वळला की समदी मेंढरं थांबत्यात. रस्त्याव थांबली म्हंजी गाड्या.’ त्यानं काटा काढून कोकरू सोडून दिलं. ‘तिची आरोळी यायची मागनं. आली की समजायचं, समदं बराबर हाय. तिचं तोंड बघाया सवड कुठं हुती, सायब? वाड्याव पोचलो की ती चुलीकडं आन मी मेंढरांकडं.’

परत आल्यावर दिगंबरनं मोठा कागद घेतला नाही. घोड्यावरच्या बिऱ्हाडात मावेल, मोडणार नाही असा परातीएवढा हार्डबोर्डचा तुकडा घेतला. त्यावर धुळीची वाट काढली. पुढं फेटेवाला माणूस काढला, काठी खांद्यावर, पावलं पुढं पडलेली, पण त्याचं तोंड डोक्याच्या मागच्या बाजूला लावलं, मागं बघणारं. त्याच्यामागं मेंढरं, लांबच लांब, पाय नसलेली, वाहत असल्यासारखी. सगळ्यात शेवटी एक लंगडी मेंढी. आणि तिच्यामागं काही नाही. तिथं त्यानं रंगच लावला नाही. चारी बाजूंनी धूळ रंगवली आणि मधे चित्रातल्या माणसाच्या उंचीएवढा हार्डबोर्ड, त्याच्या मूळच्या तपकिरी रंगाचा, कोरा ठेवला. मी म्हटलं, इथं राहिलंय. तो म्हणाला, ‘राहिलंय नाय. सोडलंय.’

तळ उठायच्या सकाळी आम्ही ते घेऊन गेलो. आम्हा दोघांनाही भीती वाटत होती. घोड्यावर सामान चढत होतं. कोंडिबानं बोर्ड हातात घेतला, फेट्याच्या शेवानं त्यावरची धूळ पुसली. आधी त्याचं लक्ष पुढच्या माणसाकडं गेलं. ‘ह्यो मी का?’ म्हणाला आणि हसला. ‘माझं तोंड मागं लावलंय की. असं असतं तर बरं झालं असतं.’ मग त्याचं बोट मेंढरांवरून मागं मागं सरकत गेलं. लंगड्या मेंढीवर क्षणभर थांबलं, पुढं गेलं आणि त्या कोऱ्या जागेवर टेकलं. बोट त्यानं तिथंच ठेवलं... घोडं फुरफुरत होतं, कुणीतरी त्याला हाक मारत होतं. तो म्हणाला, ‘व्हय. हितंच असायची.’ त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातात बोर्ड होता. मीच पुढं होऊन बोर्ड धरला. त्या जागेवरून मात्र त्यानं बोट उचललं नाही.

पुढच्या साली तो परत त्याच शेतात आला आणि आवर्जून घरी भेटायला आला. दिगंबरनं घाबरत घाबरत विचारलं, ‘बाबा, तोंड आठवतं का आता?’ कोंडिबा म्हणाला, ‘आता मी मुद्दाम बघत नाय. चालताना मदीच येतंय, आन जातंय निघून. येतंय पर तिचंच येतंय.’ त्यानंतर तो आणखी दोन-तीन वर्षं आला. मग त्या शेतांचं प्लॉटिंग झालं, कुंपणं पडली, मेंढरांना वाट राहिली नाही. कोंडिबाचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. दिगंबर मात्र त्यानंतर चित्रं काढत राहिला तरी माणसाचं तोंड त्यानं कधी काढलं नाही. आमची समूह प्रदर्शनं पुढंही अधूनमधून होत राहिली, पुण्याकडचे जाणकार येऊन बघून गेले, आणि त्याच्या चित्रांतल्या चेहरा नसलेल्या माणसांबद्दल एकानं फार गंभीर लेख लिहिला. शहरी माणसाचं हरवलेपण वगैरे. दिगंबरनं तो मला वाचायला लावला आणि म्हणाला, ‘चुका बघ.’ मी म्हटलं, शुद्धलेखनाची एकही नाही. तो म्हणाला, ‘मग बाकीच्या राहू दे.’ लोक त्याला शैली म्हणत. मला ठाऊक होतं, तो धसका होता. माणसाच्या तोंडाला हात लावायचा त्याला धीरच उरला नाही.

या लेखासोबत दिगंबरचा फोटो नाही. पुरवणीच्या संपादकांनी तो तीनदा मागितला, म्हणून कारण सांगायला हवं. फोटो आणायला मी गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर मोठा फोटो, हार घातलेला. मुलानं घाईत दुकानातून करून आणलेला. मूळ फोटो कुठल्याशा लग्नातला, सदऱ्यातला, पण दुकानदारानं कॉम्प्युटरवर त्याला कोट घातला, टाय बांधला, मागं निळं आभाळ सोडलं आणि गाल गुळगुळीत करून दिले. जन्मात दिगूनं कोट घातला नव्हता. मी त्या फोटोसमोर बसलो, चहा घेतला, वहिनींशी बोललो आणि परत आलो. त्या दिवशी झोपताना डोळे मिटले तर समोर कोटातला दिगू. दुसऱ्या दिवशीही तोच. पाणी पिताना मान मागं टाकणारा, हसताना एक डोळा बारीक करणारा माझा दिगू आठवावा म्हणून खूप धडपड केली, पण टायवाला मधून हलेना... मी घाबरलो. सत्तरी ओलांडलेला माणूस मी, पण खरंच घाबरलो. वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘मलाही हल्ली तोच दिसतो भावजी. मुलानं हौसेनं करून आणला, त्याला कसं सांगू?’ मी संपादकांना कळवलं, लेख देतो, फोटो देत नाही, तुम्हीही कुठून मिळवून छापू नका.

मग मी आठवायचं सोडून दिलं आणि स्वतःला विचारलं, तो असायचा कुठं? उत्तर लगेच आलं. डाव्या हाताला. कारखान्यातल्या आवाजानं त्याचा डावा कान लवकर गेला होता. चांगला कान माझ्याकडं राहावा म्हणून तो कायम माझ्या डाव्या अंगानं, रस्त्याच्या कडेनं चालायचा, आणि गाड्यांची बाजू वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला. यावरून मी त्याला पुष्कळ बोललो आहे. म्हणायचो, तू बहिरा आणि मरायचं मी. तो म्हणायचा, ‘तू मेलास तर मला ऐकू कुणाचं येणार? चल सरक.’

काल संध्याकाळी औषध आणायला गुलमंडीकडं चालत निघालो होतो. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला, शेवटी शेजारी आणून डोकं बाहेर काढून म्हणाला, ‘चचा, बाजू से चलो ना. उधर पूरी जगह खाली पड़ी है.’ मी डावीकडं बघितलं. मी आणि कडेची गटार यांच्यामधे एक माणूस चालेल एवढी जागा होती. मी हात करून रिक्षाला पुढं जाऊ दिलं आणि होतो तिथूनच चालत राहिलो. जागा खाली नव्हती.